स्टीलच्या किचन ट्रॉल्या: आधी ताट मोजा, मग ओटा

दुकानात मांडलेली ट्रॉली नेहमी रिकामी असते. एका बोटानं ओढली की सुळकन बाहेर येते, ढकलली की आत जाते. घरी तिच्यात कुकर, दोन कढया आणि परात बसली की मग खरं काय ते कळतं. म्हणून इथे एखाद्या कंपनीचं नव्हे, तर या सगळ्या प्रकाराचंच परीक्षण केलं आहे: ओट्याखाली बसवायच्या स्टीलच्या ओढत्या जाळ्या, त्यांचे चॅनेल (जाळी ज्यांवर सरकते ते छऱ्यांचे रूळ) आणि त्यांची शटर (पुढची झाकणारी फळी). मत आधीच सांगून टाकतो. ट्रॉल्या जरूर घ्याव्यात, पण दुकानदार सुचवतो त्यातल्या निम्म्याच.

बहुतेक ठिकाणी माप घ्यायला माणूस येतो, टेप ओट्याला लावतो, रुंदीचे भाग पाडतो आणि निघून जातो. भांडी तो बघतही नाही, आणि घोळ इथेच होतो. त्याला बोलावण्याआधी घरातली सगळी भांडी जमिनीवर मांडा आणि तीन ढीग करा: रोजची, आठवड्याची, सणासुदीची. रोजच्या ढिगातल्या सगळ्यात रुंद आणि सगळ्यात उंच भांड्याचं माप घ्या. कुकरची उंची शिट्टीसकट मोजायची आणि कढईची रुंदी कानांसकट. परातीचा व्यासही लिहून ठेवा, कारण ती ट्रॉलीत मावत नाही हे हमखास सगळं बसवून झाल्यावरच लक्षात येतं.

आता ओट्याचा हिशेब. ओटा 33 इंच उंच धरला, वरचा दगड आणि त्याखालचा थर मिळून 2 इंच गेले, खाली स्कर्टिंगचे 4 इंच गेले, तर हातात 27 इंच राहतात. यात तीन मजले नीट बसतात: वर 6, मध्ये 8, खाली 13. वरच्यात 4 इंची जाळी (चमचे, झारे, लाटणं), मधल्यात 6 इंची (वाट्या, पेले, छोटी पातेली) आणि खालच्यात 8 इंची (कुकर, कढया, डबे). जाळीच्या वर मोकळी जागा सोडावीच लागते, नाहीतर भांडं काठावर अडतं. चार मजले करून घेऊ नका. चौथ्या मजल्याच्या हव्यासापायी खालची उंची 9 इंचांवर येते आणि कुकर कायमचा ओट्यावर राहतो.

जाळ्यांची तयार मापं रुंदी, खोली, उंची अशा क्रमानं सांगतात: 17 बाय 20 बाय 6, 19 बाय 20 बाय 8 वगैरे. दोन्ही बाजूंचे चॅनेल प्रत्येकी अर्धा इंच जागा घेतात, म्हणून 18 इंचांच्या खणात 17 ची जाळी जाते. खोली 20 इंच पुरे. ओटा 24 इंच खोल असला तरी मागे गॅसची नळी आणि पाण्याचे पाइप असतात. 22 इंची जाळी हट्टानं बसवली की ती मागे टेकते आणि शटर अर्धा इंच उघडंच राहतं.

ताटांच्या ट्रॉलीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त निराशा तीच करते. तळाला उभ्या तारांचे खण असतात आणि प्रत्येक खणात एक ताट उभं राहावं ही अपेक्षा असते. हे खण बेतलेले असतात काचेच्या किंवा मेलामाइनच्या चपट्या प्लेटवर. आपल्या स्टीलच्या जेवणाच्या ताटाला इंचभर उभी कड असते. ते एका खणात जातच नाही किंवा गेलं तर शेजारचा खणही अडवतं. बारा खणांच्या ट्रॉलीत सहा ताटं राहतात आणि उरलेली सहा पुन्हा सिंकशेजारच्या टोपलीत. त्यात 12 इंची ताट उभं केलं की 13 इंचांच्या मजल्यात जेमतेम मावतं, 13 इंची असलं तर मावतच नाही. म्हणून दुकानात जाताना घरचं एक ताट पिशवीत घालून न्या आणि नमुन्याच्या ट्रॉलीत घालून बघा. बसलं नाही तर दोन तारांमधलं अंतर वाढवून मागा; जाळी बनवणाऱ्यांकडून थेट घेत असाल तर ते करून देतात. नाहीतर खणांची भानगडच नको. साध्या 6 इंची जाळीत ताटं आडवी, एकात एक रचा. दिसायला कमी, पण वापरायला सोपं.

चमच्यांच्या ट्रॉलीतही असंच होतं. आतल्या ट्रेचे खण जेवणाच्या चमच्यांपुरते, नऊ-दहा इंचांचे. आपला झारा, कलथा, पळी त्याहून लांब. आडवे कप्पे असलेला ट्रे नाकारा आणि पुढून मागे सरळ जाणारे लांब कप्पे मागा. पळी आणि डाव मात्र या ट्रॉलीत ठेवूच नका. आडवी ठेवली तरी पळीची वाटी वर येते, ट्रॉली बंद करताना ओट्याच्या खालच्या कडेला अडकते आणि मग ट्रॉली ना आत जाते ना बाहेर येते. फटीतून पट्टी घालून ती सोडवण्याचा कार्यक्रम बऱ्याच घरांत महिन्यातून एकदा होतोच.

जाळी की पत्रा? मोठ्या भांड्यांना तारेची जाळी, बारीकसारीक वस्तूंना भोकं पाडलेला पत्रा. तारांच्या तळावर वाट्या कलंडतात आणि छोट्या पेल्यांची बुडं दोन तारांच्या मध्ये रुततात. उलट पत्र्यावर ओली भांडी ठेवली की भोकांच्या आजूबाजूला पाणी साचून डाग पडतात. तारेची जाळी घेताना वरच्या चौकटीची सळी आणि तळाची तार दोन्ही बघा. स्वस्त मालात चौकट जाड असते आणि तळ बारीक. तळाच्या मधोमध तळहात ठेवून जोरात दाबा. लवला तर कुकरखाली तो झोळच धरणार.

स्टीलच्या दर्जाबद्दल दुकानात सर्रास लोहचुंबक दाखवतात. चिकटला नाही, म्हणजे 304, असं सांगतात (304 आणि 202 हे स्टेनलेस स्टीलचे दर्जे, 202 स्वस्तातला). या परीक्षेला काही अर्थ नाही. 202 लाही चुंबक चिकटत नाही, आणि 304 ची तार ओढून बारीक केली की तिला थोडासा चिकटू शकतो. दोघांत खरा फरक निकेलचा: 304 मध्ये साधारण 8 ते 10 टक्के, 202 मध्ये 4 ते 6, आणि तिथे उरलेली कसर मँगेनीज घालून भरतात. हा फरक ओळखायला स्टील तपासायचं द्रावण मिळतं. तारेवर एक थेंब टाकून 9 व्होल्टच्या बॅटरीनं काही सेकंद करंट दिला की 202 वर थेंब लाल होतो. चांगल्या दुकानात ही बाटली असते. मागितल्यावर टाळाटाळ झाली तर समजून जा. मुंबई, रत्नागिरी, पणजीसारख्या खाऱ्या हवेत 304 चे पैसे मोजावेत. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत वरच्या दोन मजल्यांना 202 चालून जातं, सिंकच्या बाजूला मात्र नको. आणि 304 म्हणजे डाग पडणारच नाहीत असं नाही. मिठाचा डबा सांडला किंवा ब्लीच असलेल्या पावडरीनं जाळी घासली की त्यावरही तांबूस ठिपके येतात, तेही आधी सांध्यांवर, कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथलं संरक्षक आवरण कमकुवत झालेलं असतं.

पण ट्रॉली मरते ती जाळीमुळे नव्हे, चॅनेलमुळे. 304 साठी घासाघीस करून घेतलेल्या जाळीखाली बहुतेक वेळा जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी चॅनेल असतात, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मुलामा उडाला की गंज, गंजाची भुकटी छऱ्यांत, मग खरखर, मग एक दिवस छऱ्यांची पट्टी वाकून दोन-चार छरे बाहेर. तिथून पुढे दुरुस्ती नाही. जोडीच बदलावी लागते. एकच बाजू बदलली तर नवी सरळ धावते, जुनी मागे ओढते आणि जाळी तिरकी चालते.

चॅनेल तीन घड्यांचे, पूर्ण बाहेर येणारे घ्या. अर्धवट उघडणाऱ्यांत मागच्या सहा इंचांतली भांडी कायमची विस्मरणात जातात. त्यांवर वजनाची क्षमता लिहिलेली असते, सहसा जोडीला 35 किंवा 45 किलो. हा आकडा वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असताना लागू होतो. तांदूळ 10 किलो, पीठ 10, साखर 5, डाळी 5, वर स्टीलच्या डब्यांचं, जाळीचं आणि शटरचं वजन. 35 कधीच ओलांडले. धान्याच्या आणि कुकरच्या ट्रॉलीला 45 किलोचेच लावा, बाकीच्यांना 35 पुरतात. हेटिच, एब्को यांच्यासारखे नावाचे चॅनेल घ्या. जाळी स्थानिक कारखान्याची असली तरी बिघडत नाही.

सॉफ्ट क्लोज (ट्रॉली शेवटी हळूच, न आपटता बंद करणारी यंत्रणा) हवंच असेल तर ताटं-वाट्यांच्या ट्रॉलीला घ्या, तिथे आवाज होतो. पिठाच्या ट्रॉलीला नको. पीठ उडतं, दट्ट्याच्या यंत्रणेत बसतं, आणि ट्रॉली शेवटच्या दोन इंचांवर अडून राहते.

बसवताना कडप्प्याचा प्रश्न येतो. ओट्याखालचे उभे कडप्पे काटकोनात असतील अशी आशा ठेवू नका. एकाच खणाची रुंदी पुढे, मागे, वर आणि खाली मोजा. पाव-अर्ध्या इंचाचा फरक सहज सापडतो. जाळी सगळ्यात लहान मापावर ठरवायची आणि बाकीची जागा चॅनेलमागे पट्ट्या घालून भरायची. कडप्प्यात थेट भोक पाडून स्क्रू मारणारा कारागीर लवकर काम संपवतो, पण कडप्पा थरांचा दगड आहे, पापुद्रा सुटला की स्क्रू ढिला. ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा भाग) बंद ठेवून भोक पाडायला सांगा, किंवा त्याहून बरं म्हणजे कडप्प्याला आधी प्लायच्या पट्ट्या बसवून त्यांवर चॅनेल लावून घ्या. काम संपल्यावर प्रत्येक ट्रॉली अर्धी उघडून हात सोडा. आपोआप पुढे किंवा मागे सरकली, तर चॅनेल समपातळीत नाही. कारागीर निघायच्या आधीच हे बघायचं.

शटरला आयएस 710 (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का असलेला मरीन प्लाय घ्या. 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून त्याची चाचणी होते. एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेला बोर्ड) दिसायला गुळगुळीत, पण खालच्या कडेला फडक्याचं पाणी लागलं की फुगतो. पीव्हीसी फोम बोर्डाला पाण्याची भीती नाही, मात्र त्यात स्क्रू धरत नाही आणि बिजागऱ्या निघून येतात.

काय घेऊ नये? बाटल्यांची अरुंद, उंच ट्रॉली. तिच्यात एक लिटरच्या बाटल्या जातात, पाच लिटरचा तेलाचा डबा नाही, आणि ओढताना ती डुलते. कोपऱ्यात फिरणारी गोल ट्रॉलीही नको. महाग असते आणि निम्मी जागा वाया घालवते. कोपऱ्याला साधं दार लावा आणि आत सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र असा सणासुदीचा ढीग ठेवून द्या. सिंकखाली तर काहीच ओढतं नको. तिथला पाइप कधीतरी गळणारच, आणि प्लंबरला आत हात घालायला जागा लागते.

सिलिंडर ओट्याखाली असेल तर त्या खणाच्या शटरला अगदी खालच्या बाजूला जाळीची झडप हवी, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर तळाशी साचतो. शेजारच्या ट्रॉलीची मागची कड गॅसच्या नळीला घासत नाही ना, हे टॉर्च लावून बघा. ही नळी दर पाच वर्षांनी बदलायची असते, तेव्हा ट्रॉली बाहेर काढता यायला हवी.

आणि ती काढता येते. झुरळं ट्रॉलीत नसतात, तिच्या मागे आणि चॅनेलच्या पोकळीत असतात, म्हणून पुढून कितीही पुसलं तरी उपयोग नाही. ट्रॉली पूर्ण ओढा. दोन्ही चॅनेलच्या आतल्या बाजूला काळी प्लास्टिकची कळ दिसेल. एका बाजूची वर आणि दुसऱ्या बाजूची खाली, अशा एकाच वेळी दाबून सरळ पुढे ओढलं की जाळी सुटून हातात येते. आधी भांडी काढून घ्या. मागची भिंत कोरड्या फडक्यानं पुसून बिजागऱ्यांजवळ आणि कोपऱ्यांत झुरळांच्या जेलचे मुगाएवढे ठिपके द्या. त्या जागी झुरळांचा फवारा मारू नका. वासानं झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. चॅनेलला खोबरेल तेल लावायची सवय असेल तर ती सोडा. तेलात पीठ आणि धूळ मिसळून चिकट काळा थर होतो. आधी कोरडं पुसून मग सिलिकॉनचा फवारा अगदी थोडा. जाळी परत बसवताना आतली पट्टी पुढे ओढून घेतलेली हवी, नाहीतर छऱ्यांची पट्टी चेपते.

बिलावर नुसतं 'किचन ट्रॉली, एक सेट' असं लिहून देतात ते चालवून घेऊ नका. प्रत्येक जाळीचं माप आणि स्टीलचा दर्जा, चॅनेलची कंपनी, लांबी आणि किलो, प्लायचा प्रकार, एवढं त्यावर हवं. हमी जाळीची देतात की चॅनेलची, हे वेगळं विचारून तेही लिहून घ्या. आणि चॅनेलची एक जास्तीची जोडी त्याच वेळी विकत घेऊन माळ्यावर टाका. त्याच लांबीचा, त्याच भोकांचा चॅनेल चार वर्षांनी बाजारात मिळेलच असं नाही.