मल्टी-झोन मिनीस्प्लिट की वेगवेगळी सिंगल युनिट्स? मॅसॅच्युसेट्सच्या थंडीतला हिशोब

ऑइल बॉयलर म्हातारा झालाय, दर उन्हाळ्यात खिडकीतले एसी चढवायचा-उतरवायचा कंटाळा आलाय, आणि काँट्रॅक्टर येऊन सांगून गेलाय की मिनीस्प्लिट, म्हणजे सहसा डक्टशिवाय चालणारा हीट पंप, घ्या, एक मोठं आउटडोअर युनिट बसवू, घरात पाच हेड (खोलीत हवा सोडणारे भिंतीवरचे डबे) लावू, प्रत्येक खोलीला वेगळा रिमोट, बिल निम्मं होईल. बोस्टनच्या आजूबाजूला जुनं घर घेतलेल्या बहुतेकांकडे हा कोट कधी ना कधी येतोच. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ठरवता येईल: हीट पंप परवडेल की नाही हे तुम्ही आज काय जाळताय त्यावर ठरतं, आणि मल्टी (एका आउटडोअरला अनेक हेड) की सिंगल (प्रत्येक हेडला स्वतःचं आउटडोअर) या प्रश्नात बहुतेक घरांना सिंगलच बरं पडतं, फक्त ते कुणी आपणहून सुचवत नाही.

आधी इंधनाचा हिशोब, कारण तिथेच निम्म्या लोकांचा निर्णय होऊन जातो. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून आत आणतो, त्यामुळे एक युनिट वीज घालून दोन-तीन युनिट उष्णता मिळते. हा जो आकडा आहे त्याला सीओपी म्हणतात. ब्रोशरवर ४७ फॅरनहाइटचा सीओपी छापलेला असतो, तो ४ सुद्धा दिसेल, त्याकडे फार लक्ष देऊ नका. मॅसॅच्युसेट्स आणि न्यू यॉर्कमधल्या घरांत मीटर लावून मोजलं तेव्हा अख्ख्या सीझनचा सरासरी सीओपी २.३ च्या आसपास आला होता. म्हणजे हिशोबाला २.३ धरायचा, चांगलं डिझाइन असेल तर २.८ धरायचा, ३ च्या वर कुणी कबूल करत असेल तर लिहून मागायचं.

आता दहा लाख बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप) उष्णता घरात आणायला किती पैसे लागतात ते बघू. साध्या बेसबोर्ड इलेक्ट्रिक हीटरला त्यासाठी २९३ किलोवॅट-अवर वीज लागते, ३० सेंटचा रेट धरला तर ८८ डॉलर. २.३ सीओपीच्या हीट पंपला ३८ डॉलर, २.८ ला ३१ डॉलर. ऑइलच्या एका गॅलनमध्ये साधारण १,३८,५०० बीटीयू असतात, बॉयलर ८५ टक्के एफिशियंट आणि भाव ३.७५ डॉलर धरला तर ३२ डॉलर. प्रोपेन साडेतीन डॉलरला गॅलन असेल तर ४२-४३. आणि पाइपचा गॅस, थर्म (गॅसच्या बिलावरचं माप, एक लाख बीटीयू) २.२० डॉलरला पडत असेल आणि बॉयलर ९० टक्केवाला असेल, तर २४-२५ डॉलर. हे सगळे भाव मी धरलेले आहेत, तुमच्या बिलावरचे घाला आणि परत गणित करा, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त विजेच्या बिलात सप्लाय (विजेची किंमत) आणि डिलिव्हरी (ती पोचवायचा खर्च) दोन्ही मिळून रेट काढा, बरेच जण नुसता सप्लायचा आकडा बघून खूश होतात.

म्हणजे चित्र काय निघालं? घरात इलेक्ट्रिक बेसबोर्ड असेल तर विचार करत बसू नका, हीट पंप घ्या, बिल निम्म्याहून खाली येईल. प्रोपेनवाल्यांचाही फायदा आहे. पाइपचा गॅस आणि नवा बॉयलर असेल तर निव्वळ हीटिंगच्या बिलासाठी हीट पंप घेऊ नका, बिल वाढायचीच शक्यता जास्त; एसी पण हवाय किंवा गॅस जाळायचाच नाही असं ठरवलंय तर गोष्ट वेगळी. आणि ऑइलवाले बरोबर काठावर आहेत. वर्षाला ६०० गॅलन ऑइल जाळणारं घर धरलं तर खर्च साधारण साडेबावीसशे डॉलर. तेवढीच उष्णता २.३ च्या सिस्टिमने आणली तर २,७०० डॉलर, २.८ च्या सिस्टिमने आणली तर २,२०० च्या आसपास. म्हणजे एक सिस्टिम तोट्यात आणि दुसरी बरोबरीत, ब्रँड तोच, घर तेच, वीज तीच. हा जो जवळपास पाचशे डॉलरचा फरक आहे तो बराचसा मल्टी की सिंगल, आणि साइझिंग (घराला लागेल तेवढंच मशीन घेणं) बरोबर की चूक, यातून येतो.

रेटची एक गंमत आहे. श्रूजबरीसारख्या गावात वीज गावाच्या स्वतःच्या म्युनिसिपल कंपनीकडून येते आणि ती मोठ्या युटिलिटीपेक्षा बरीच स्वस्त पडते. १८ सेंट जरी धरले तरी २.३ सीओपीलाच दहा लाख बीटीयू २३ डॉलरला पडतात, म्हणजे गॅसलाही टक्कर. शेजारच्या गावातल्या मित्राचं बिल बघून आपला निर्णय घेऊ नका असं म्हणतो ते यासाठीच. बाकीच्यांसाठी नोव्हेंबर २०२५ पासून मोठ्या युटिलिटीजनी हीट पंपवाल्या घरांना हिवाळ्यापुरता कमी डिलिव्हरी रेट सुरू केलाय. एकूण रेट २५ सेंटवर आला असं धरलं तर २.३ वाली सिस्टिम ऑइलच्या बरोबरीला येते आणि २.८ वाली वर्षाला चारशे डॉलर वाचवते. रिबेट घेतलं नसेल तर हा रेट आपोआप लागलाय असं समजू नका, युटिलिटीला फोन करून खात्री करून घ्या.

आता मल्टी विरुद्ध सिंगल. मल्टी-झोनमध्ये एका आउटडोअर युनिटला तीन-चार-पाच हेड जोडलेले असतात. दिसायला भारी, घराबाहेर एकच डबा, आणि "ज्या खोलीत माणूस आहे तीच गरम करा" हे ऐकायला फारच पटतं. पण बचत तिथे होत नाही, झालं तर नुकसानच होतं, का ते बघा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हळू चालला की सगळ्यात एफिशियंट असतो. पण किती हळू चालू शकतो याला खालची मर्यादा असते. ९ किंवा १२ हजार बीटीयूचं (म्हणजे तासाला तेवढी उष्णता देणारं) चांगलं सिंगल युनिट दोन-तीन हजारांपर्यंत खाली येतं. ३६ हजारांचं मल्टी-झोन आउटडोअर दहा-बारा हजारांच्या खाली सहसा येत नाही. आता आपला हिवाळा म्हणजे काही रोज शून्य फॅरनहाइट नसतो, बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते मार्चचे बरेचसे तास ३० ते ४५ च्या मधलेच असतात, आणि अशा वेळी एका बेडरूमला लागते ती उष्णता हजार-दीड हजार बीटीयू. बाकीचे हेड बंद ठेवून फक्त ती बेडरूम चालू ठेवली की दोन कप चहासाठी लग्नातलं पातेलं चढवल्यासारखं होतं, कॉम्प्रेसर चालू-बंद चालू-बंद करत राहतो आणि सीओपी घसरतो. वर आणि एक, हीटिंगमध्ये बऱ्याच मल्टी सिस्टिम बंद हेडमधूनही थोडं रेफ्रिजरंट (उष्णता वाहून नेणारा गॅस) फिरवत ठेवतात, म्हणजे जी खोली बंद ठेवून तुम्ही पैसे वाचवताय असं वाटतं ती पण थोडी थोडी तापत असते.

मग बेडरूममध्ये हेडच केवढं लावतात? सगळ्यात छोटं सहसा ६ हजारांचं. इन्शुलेशन झालेल्या दहा-बाय-बाराच्या खोलीला कडक थंडीतसुद्धा दोन-तीन हजार पुरतात. म्हणजे पाच खोल्यांना पाच हेड लावले तिथेच सिस्टिम ओव्हरसाइझ झाली.

सिंगलमध्ये एका आउटडोअरला एकच हेड. लेबलवरचा एचएसपीएफ२ (अख्ख्या हीटिंग सीझनची एफिशियन्सी, जास्त तेवढी चांगली) बघितला तरी चांगली सिंगल १० ते १२ च्या घरात दिसतात, मल्टी साधारण साडेआठ ते दहा. एक बिघडलं तर दुसरं चालू राहतं, आणि जानेवारीत कॉम्प्रेसरचा बोर्ड गेला, पार्ट यायला दोन आठवडे लागणार असं ऐकायला मिळालं की याची किंमत कळते. मल्टी असेल तर सगळं घर थंड. तोटे आहेत की. बाहेर दोन-तीन डबे दिसतात, प्रत्येकाला वेगळं सर्किट लागतं, १०० अँपचं जुनं पॅनल असेल तर इलेक्ट्रिशियन हात वर करतो, आणि काँडो किंवा टाउनहाउसमध्ये असोसिएशन बऱ्याचदा एकाच युनिटला परवानगी देते, तिकडे वाद घालून उपयोग नाही.

आणि मोडचा प्रश्न, जो आपल्या घरांत जरा जास्तच येतो. घरगुती मल्टीमध्ये सगळे हेड एका वेळी एकाच मोडमध्ये चालतात, एकतर हीट नाहीतर कूल. एप्रिल-मे मध्ये पुण्याहून आई-बाबा आले, त्यांना सकाळी खालच्या खोलीत हीट पाहिजे आणि वरच्या मजल्यावर उन्हात तापलेल्या ऑफिसमध्ये सून मीटिंगला बसलीये तिला कूलिंग पाहिजे. जो आधी चालू करेल त्याचा मोड, दुसऱ्याचं हेड नुसतं दिवा लुकलुकत बसतं. दोन सिंगल असतील तर हा प्रश्नच येत नाही.

मला सगळ्यात आवडलेली मांडणी मधली आहे. साध्या दोन मजली कलोनियल घराला खाली मोकळ्या लिव्हिंग-किचनसाठी एक सिंगल, भिंतीवरचं हेड, आणि वर सगळ्या बेडरूम मिळून एक छोटं स्लिम-डक्ट युनिट, तेही स्वतःच्या वेगळ्या आउटडोअरवर. ते ॲटिकमध्ये किंवा कॉरिडॉरच्या खोट्या छतात बसतं, तिथून प्रत्येक खोलीत छोटा डक्ट जातो. भिंतीवर चार-चार पांढरे डबे नाहीत, आणि तीन बेडरूम मिळून लोड एवढा होतो की मशीन नीट हळू चालतं. ॲटिकमध्ये असेल तर डक्ट सील करून चांगला गुंडाळून घ्यायचा, नाहीतर कमावलेलं सगळं छपराला जातं. जुन्या सेंट्रल डक्टमध्ये गळतीने वीस-तीस टक्के हवा वाया जाणं अगदी कॉमन आहे. पूर्ण घराचा सेंट्रल हीट पंप मी फक्त त्यांनाच सुचवेन ज्यांच्याकडे डक्ट आधीपासून आहेत, शाबूत आहेत आणि बेसमेंटमध्ये आहेत. नाहीतर भिंती फोडून नवे डक्ट टाकायचा खर्च कधीच वसूल होत नाही.

जुना बॉयलर चालू अवस्थेत असेल तर तो लगेच काढू नका. बोस्टनसाठी डिझाइन टेंपरेचर (मशीन निवडताना धरायचं कडक थंडीचं तापमान) साधारण १०-१२ फॅरनहाइट धरतात, वूस्टरकडे ५ च्या आसपास, तेवढ्या थंडीत कोल्ड-क्लायमेट हीट पंप काम करतो हो, पण सीओपी दोनच्या आसपास किंवा खालीच येतो. ऑइलवाल्यांनी त्या मोजक्या रात्री बॉयलरवर काढल्या आणि बाकी सीझन हीट पंपवर काढला तर पैशाच्या दृष्टीने हे सगळ्यात फायद्याचं ठरतं. मात्र पूर्ण घराचं मोठं रिबेट हवं असेल तर हीट पंप हीच हीटिंगची मुख्य सोय असावी लागते, त्याच्या अटी आधी वाचा.

रिबेटचं म्हणाल तर २०२२ ते २०२४ मध्ये मास सेव्हचं (राज्यातल्या युटिलिटीजची ऊर्जाबचत योजना) पूर्ण घराला १०,००० डॉलर मिळत होतं, नंतर ते टनावर, म्हणजे मशीनच्या कपॅसिटीवर गेलं आणि कमी होत चाललंय, म्हणून शेजाऱ्याला किती मिळाले ते विचारू नका, चालू वर्षाचा आकडा बघा. फेडरल टॅक्स क्रेडिट, ३० टक्के आणि जास्तीत जास्त २,००० डॉलर, ३१ डिसेंबर २०२५ ला संपलं. कोटमध्ये अजून ते वजा करून दाखवत असतील तर तो काँट्रॅक्टर बाकी गोष्टीही जुन्याच सांगतोय असं समजा. इन्शुलेशनवर मात्र ७५ टक्के किंवा जास्त मदत मिळते आणि ते काम आधीच करून घ्या, कारण घर आधी घट्ट केलं की मशीनच एक साइझ लहान लागतं. म्युनिसिपल विजेच्या गावात हे नियम वेगळे असतात.

किचनजवळच्या हेडबद्दल एक गोष्ट कुठल्याच कोटमध्ये लिहिलेली नसते. फोडणीचा तेलकट धूर थेट फिल्टरवर जाऊन बसतो, फिल्टर चिकट झाला की हवा कमी, हवा कमी की वीज जास्त. हेड गॅसपासून लांबच्या भिंतीवर लावून घ्या, फिल्टर महिन्याला धुवा आणि चिमणी बाहेर हवा टाकणारी आहे ना ते बघा, नुसती फिरवून परत घरात सोडणारी नको.

एवढं सगळं ऐकूनही काहींना मल्टीच घ्यावं लागेल, जागाच नाही किंवा असोसिएशन ऐकत नाही म्हणून. मग निदान पाच हेड लावू नका, दोन किंवा तीन लावा, मोठ्या मोकळ्या जागांत, आणि छोट्या बेडरूमला दार उघडं ठेवून किंवा अगदीच थंड रात्री छोटा इलेक्ट्रिक हीटर लावून भागवा, तो हीटर महाग असला तरी वर्षातून किती तास चालणार. कोट देणाऱ्याला खोलीवार 'मॅन्युअल जे' (Manual J) नावाच्या पद्धतीचं लोड कॅल्क्युलेशन, म्हणजे कुठल्या खोलीला किती उष्णता लागते त्याचा हिशोब, मागा, स्क्वेअर फूट गुणिले अमुक असं तोंडी गणित नको. आउटडोअर युनिटची ४७ फॅरनहाइटला कमीत कमी कपॅसिटी किती आणि ५ फॅरनहाइटला जास्तीत जास्त किती, हे दोन्ही आकडे कोटवर लिहून घ्या. रेफ्रिजरंट आर-३२ आहे की आर-४५४बी ते विचारा, आर-४१०ए वाली नवी मशीन बनणं २०२५ पासून बंद झालंय, गोदामात उरलेलं कुणी स्वस्तात देत असेल तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत गॅस भरायला काय पडेल याचा विचार करून घ्या. आणि आउटडोअर युनिट जमिनीवर न ठेवता बर्फाच्या वर राहील अशा स्टँडवर, छपराची पागोळी पडणार नाही अशा जागी बसवायचं, हे कामाच्या दिवशी नाही, सही करायच्या आधी ठरवा.