मुंबईतली जखम, लेहमधली जखम

मुंबईत हवेचा दाब 760 मिलिमीटर पारा. त्यात प्राणवायूचा वाटा साधारण 160. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये तो जेमतेम शंभराच्या आसपास. दोन्हीकडे कुत्र्याला काटा लागला, तर जंतू तेच. लढत मात्र वेगळी. पांढऱ्या पेशी गिळलेले जंतू मारायला प्राणवायूपासूनच जहाल रसायनं बनवतात. 1984च्या एका प्रयोगात गिनीपिगच्या कातडीत ई. कोलाय हे जंतू टोचून त्यांना 12, 21 (साध्या हवेइतका) आणि 45 टक्के प्राणवायूत ठेवलं. 12 टक्क्यांत संसर्ग सर्वांत जास्त पसरला.

मुंबईचा तोटा ओलाव्याचा: पावसाळ्यात भिजलेल्या केसांखाली जंतू फोफावतात. तरी मला लेहची काळजी जास्त वाटते, विशेषतः सपाटीवरून नुकत्याच नेलेल्या जनावराची. त्याची साधी जखमही रोज नीट बघावी.