लेहला उतरायचं कुठे? बाजार, चांगस्पा, जुनं लेह की थेट सिंधूकाठ

लेहचं विमानाचं तिकीट निघालं की पुढचा प्रश्न हॉटेलचा, आणि बहुतेकांची गाडी तिथेच अडते. बुकिंगच्या ॲपवर सगळ्याच गच्च्यांवरून बर्फाचे डोंगर दिसतात आणि सगळ्याच खोल्या 'बाजारापासून पाच मिनिटांवर' असतात. ती पाच मिनिटं चढावरची की सपाटीची, हे मात्र कुणी लिहीत नाही. लेहमध्ये खरी मेख तिथेच आहे.

आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. लेहचा बाजार सुमारे ३,५०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश भरतो. रस्त्याने श्रीनगरकडून आलेल्याला शरीर सावरायला एक-दोन दिवस तरी मिळतात. विमानाने आलेला माणूस सकाळी दिल्लीच्या उकाड्यात असतो आणि नाश्त्याच्या वेळेला या विरळ हवेत. त्यामुळे पहिल्या दोन रात्रींची जागा तब्येत बघून ठरवावी आणि पुढच्या रात्रींची आवडनिवड बघून. दोन्हींसाठी एकच खोली जमली तर उत्तम, पण तसा हट्ट नको.

आणखी एक गोष्ट नकाशावर पटकन कळत नाही: अख्खं लेह उतारावर वसलेलं आहे. विमानतळ ३,२५६ मीटरवर, बाजार त्याहून अडीचशे मीटर वर, आणि बाजाराच्या उत्तरेला कर्झू, सांकर ही वस्ती आणखी चढत जाते. अंतर म्हणाल तर जेमतेम काही किलोमीटर. पण पहिल्या संध्याकाळी पाण्याची बाटली आणायला खाली उतरलात की परत वर चढताना हा उतार चांगलाच समजतो.

बाजार आणि फोर्ट रोड

पहिल्यांदा जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण इथेच उतरतात, आणि त्यात काही चूक नाही. मुख्य बाजारात आता गाड्यांना बंदी आहे, मधोमध बसायला बाकं आहेत, दोन्ही कडांना आजूबाजूच्या गावांतल्या बायका पालक, मुळा, सलगम आणि हंगामात जर्दाळू घेऊन बसतात. वरच्या टोकाला जामा मशीद, तिच्या मागच्या बोळात तंदूरवाल्यांची दुकानं. सकाळी तिथे गरम रोट्या कागदात गुंडाळून मिळतात. एटीएम, औषधाची दुकानं, टॅक्सीवाले, पंजाबी थाळी, मोमो, सगळं पायाखाली. सरकारी एसएनएम रुग्णालयही गाडीने काही मिनिटांवर. साठीच्या पुढचं कुणी बरोबर असेल तर ही शेवटची गोष्ट बाकी सगळ्यांहून मोठी समजा.

तोटे दोन. जून-जुलैत इथे दर सगळ्यात चढे असतात, आणि रात्री कुत्री झोपू देत नाहीत. लेहमधल्या भटक्या कुत्र्यांचा प्रश्न गंभीर आहे. त्यांची मैफल मध्यरात्रीनंतर रंगते आणि बाजारालगतच्या खोल्यांना ती पुढच्या रांगेत बसून ऐकावी लागते. रस्त्याकडेची खोली नको, आतली द्या, असं आधीच सांगून ठेवावं.

आपल्याकडच्या सहल कंपन्यांचे मोठे ग्रुप बहुधा याच पट्ट्यातल्या किंवा खालच्या बाजूच्या हॉटेलांत उतरतात. कुणाकुणाबरोबर आचारी असतो, संध्याकाळी पिठलं-भात मिळतो. ज्यांना परक्या ठिकाणी जेवणाची धाकधूक वाटते त्यांच्यासाठी ही सोय खरंच मोलाची आहे, तिला नाकं मुरडण्यात अर्थ नाही.

चांगस्पा

बाजारातून वायव्येला चालत गेलं की दुकानं विरळ होतात आणि पॉप्लर-विलोच्या सावलीतला रस्ता लागतो. कडेने पाटाचं पाणी वाहतं. वितळलेल्या बर्फाचं हे पाणी पाळीपाळीने शेतांत सोडलं जातं, आणि ते कुणाला कधी मिळणार हे बघायला गावोगावी चुरपोन नावाचा माणूस नेमायची जुनी पद्धत आहे. शांती स्तूपाच्या पायथ्यापर्यंत पसरलेली ही वस्ती म्हणजे मुळात एक गाव. आता निम्म्या घरांवर गेस्ट हाउसच्या पाट्या आहेत.

माझी स्वतःची पसंती इथेच. कारण चांगस्पाच्या घरगुती गेस्ट हाउसात तुम्ही लोकांच्या घरी राहता. खोली साधी असते: दोन गाद्या, जाड रजया, बागेकडे उघडणारी मोठी खिडकी. मजा स्वयंपाकघरात. लडाखी घरातलं स्वयंपाकघर ही घरातली सगळ्यात देखणी खोली. भिंतभर फळ्या, त्यांवर घासून लखलखीत केलेली तांब्या-पितळेची भांडी ओळीने मांडलेली, मध्ये नक्षीची मोठी चूल, भिंतीलगत गालिचे आणि समोर बुटकी चोक्त्से मेजं. सकाळी तिथे बसलात की पुढ्यात येतो खंबीर, म्हणजे जाड, किंचित आंबूस भाकरीसारखा पाव, बरोबर घरचा जर्दाळूचा मुरंबा. आणि गुडगुड चहा, खारा आणि लोण्याचा. चहा म्हणून प्यायलात तर फसाल. कोरड्या थंडीत सूप समजून प्या, दुसरा कप मागाल. आजी 'जुले' (लडाखी नमस्कार) म्हणत पुन्हा पुन्हा ओतत राहते. नको असेल तर कप भरलेलाच ठेवायचा, रिकामा कप म्हणजे 'आणखी द्या'.

अडचणीही सांगतो. गरम पाणी बहुतेक ठिकाणी सौर बंबाचं, म्हणजे दुपारी धो धो आणि पहाटे थंडगार. कुठे बादलीने देतात. हॉटेलसारखी लिफ्ट, रूम सर्व्हिस विसरा. बाजारात जाणं म्हणजे पंधरा-वीस मिनिटांची चाल. तिसऱ्या दिवशी ती आवडेल, पहिल्या दिवशी जीवावर येईल. आतल्या बोळांमध्ये गाडी दारापर्यंत जात नाही, बॅग ओढत न्यावी लागते. बुकिंगआधी फोन करून 'टॅक्सी दारात येते का' हा एकच प्रश्न विचारा, बाकी सगळं त्यावरून कळतं.

जुनं लेह

लेहमध्ये इतिहास हवा असेल तर तो राजवाड्याच्या पायथ्याशी आहे. सतराव्या शतकात सेंगे नामग्याल राजाने पूर्ण केलेला तो नऊमजली वाडा आणि त्याच्या खाली उतरणीवर एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिल्यासारखी मातीच्या विटांची घरं. मध्य आशियातल्या यारकंदहून येणारे व्यापारी, काश्मिरी, बाल्टी, तिबेटी अशा सगळ्यांची ये-जा याच बोळांतून होती. काही ठिकाणी घरांच्या खालून बोगद्यासारखा अंधारा रस्ता जातो. राजाच्या चिटणिसाच्या घराण्याचं जुनं घर, मुन्शी हाउस, नीट दुरुस्त करून तिथे लामो ही कला-संस्था चालते. ते बघाच.

राहायला मात्र विचार करून जा. इथे मोजकीच ठिकाणं आहेत. पायऱ्या खूप, बॅग हातातच, दारं बुटकी. मातीचं घर उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार असतं हे खरं, पण पाण्याची आणि सांडपाण्याची सोय या भागात पहिल्यापासूनच तोकडी. छायाचित्रं काढणारे, स्केचबुक घेऊन हिंडणारे, एकटेदुकटे तरुण यांनी सहलीच्या शेवटच्या दोन रात्री इथे काढाव्यात. सकाळी गोंपातली, म्हणजे बौद्ध मठातली घंटा, मशिदीतली अजान आणि खालच्या बोळातून तंदूरचा वास एकाच वेळी येतो, असं ठिकाण देशात फार नाही. बाकीच्यांनी दुपारी चालून यावं.

स्कारा आणि खालचा भाग

झोरावर किल्ल्याच्या बाजूचा हा भाग. नवी मोठी हॉटेलं, पार्किंग, जनरेटर, रुंद जिने. दृश्य यथातथाच, गावपण नाहीच. पण वयस्क मंडळी आणि लहान मुलं घेऊन जाणाऱ्यांनी पहिल्या दोन रात्रींसाठी याचा जरूर विचार करावा: उंची थोडी कमी, चढ कमी, विमानतळ जवळ. नाहीतरी पहिले दोन दिवस खोलीत पडून राहायचं, दृश्याचे पैसे कशाला मोजा.

शहराबाहेर: स्तोक, थिकसे, की खाली शामकडे

सिंधूच्या पलीकडे, लेहपासून पंधरा-एक किलोमीटरवर स्तोक. जम्मूच्या डोग्रांनी एकोणिसाव्या शतकात लेह घेतल्यावर राजघराणं इथे येऊन राहिलं. त्यांच्या वाड्याच्या काही भागात आज पाहुण्यांची सोय आहे, खिशाला जड आहे. गावात साधे होमस्टेही आहेत. थिकसे त्याच नदीच्या अलीकडे, १९ किलोमीटरवर. तिथे मठाच्या पायथ्याशी राहण्यात एक मोठा फायदा: पहाटेची प्रार्थना. लेहहून निघणारे पर्यटक बहुधा ती संपता संपता पोचतात, तुम्ही मात्र छतावरून शंख वाजतो तेव्हा चढायला लागता. आत लामांची रांग, पोरसवदा भिक्षू चहाची किटली घेऊन धावताना. शेजारच्या दालनात दोन मजले व्यापणारी मैत्रेयाची मूर्ती.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते शाम नावाच्या भागाबद्दल, कारण फार थोडे लोक हा पर्याय तपासतात. श्रीनगरच्या रस्त्याने लेहच्या पश्चिमेला उतरत गेलं की सिंधू आणि झंस्कारच्या संगमाजवळ निम्मू लागतं आणि पुढे अल्ची. अल्ची साधारण ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षा तीन-चारशे मीटर खाली. डोंगरात उंचीच्या त्रासाचं गणित झोपण्याच्या जागेवर ठरतं; दिवसा वर जाऊन आलात तरी रात्र खाली काढलेली बरी. विमानतळावरून थेट टॅक्सीने अल्ची गाठून पहिल्या दोन रात्री तिथे काढल्या तर डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे कमी होण्याची शक्यता चांगली. शिवाय अकराव्या-बाराव्या शतकांतली भित्तिचित्रं, काश्मिरी हाताची, चालत जाऊन शांतपणे बघता येतात. जुलैअखेर गेलात तर अंगणात जर्दाळू वाळत पडलेले.

मात्र मोठं रुग्णालय लेहमध्येच, तासा-दीड तासाच्या अंतरावर. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असलेल्यांनी हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीचंही तेच: मित्राने सांगितलं म्हणून नको, आपल्या डॉक्टरांना विचारून.

हॉटेल की होमस्टे, आणि पाण्याचा प्रश्न

लेह म्हणजे थंड वाळवंट, वर्षाचा पाऊस दहा सेंटिमीटरच्या आसपास. हॉटेलं वाढली तशा बोअरवेल वाढल्या. पारंपरिक लडाखी घरात कोरडा संडास असतो: वरच्या मजल्यावर जमिनीत भोक, बाजूला माती-राखेचा ढीग आणि फावडं. खाली साठलेलं खत वसंतात जवाच्या शेतात जातं. वास जवळजवळ येत नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांना बसणं अवघड. गावाकडच्या होमस्टेत कमोड आहे का, हे लाज न बाळगता विचारा. हॉटेलात उतरलात तरी शॉवरऐवजी बादली घ्या, टॉवेल रोज बदलायला देऊ नका.

पोस्टपेड सिम असेल तरच फोन चालेल, बाहेरून नेलेलं प्रीपेड इथे बंद पडतं. म्हणून गेस्ट हाउसचं वायफाय कसं आहे हे ऑफिसचं काम घेऊन जाणाऱ्यांनी तपासावं, आणि त्यावर फार विसंबूही नये. ऑक्टोबर सरला की चांगस्पातली बरीच घरं पाहुण्यांसाठी बंद होतात, नळ गोठतात. हिवाळ्यात जाणार असाल तर बाकी सगळी तुलना बाजूला ठेवून एकच बघा: खोलीत बुखारी (खोली तापवायची शेगडी) किंवा हीटिंग आहे की नाही.

मी कुणाला काय सुचवेन

आईवडील बरोबर आणि सहा-सात दिवस हाताशी: दोन रात्री स्कारा किंवा फोर्ट रोडचं लिफ्टचं हॉटेल, मग नुब्रा खोरं. खारदुंग ला ही उंच खिंड ओलांडावी लागते, पण तिथली दिस्कित, हुंदर ही गावं लेहपेक्षा खाली आहेत, झोप चांगली लागते. पँगाँगचा मुक्काम ४,२०० मीटरच्या वर असतो; तो सगळ्यात शेवटी, आणि तब्येत कुरकुरत असेल तर सरळ वगळा.

नवराबायको किंवा मित्र, घाई नाही: अल्चीत दोन, मग चांगस्पात तीन-चार रात्री.

बाइकवाले मनालीहून येणार: तुमचं शरीर तोवर रुळलेलं असतं, तुम्हाला अंगणात गाडी लावू देणारं घर हवं. चांगस्पा किंवा कर्झू. गाडी भाड्याने घेणार असाल तर ती लेहमध्येच घ्या, बाहेरच्या भाड्याच्या गाड्यांना स्थानिक संघटना फिरू देत नाहीत.

परतीची आदली रात्र मात्र सगळ्यांनीच लेहमध्ये काढावी, पँगाँगहून थेट विमानतळ गाठायचं धाडस करू नये. विमानं बहुतेक सकाळचीच असतात, दुपारी वारं सुटतं. विमानतळावरची सुरक्षा तपासणी कडक आणि रांगा लांब. यजमानांना रात्रीच सांगून ठेवलं तर पहाटे खंबीर बांधून देतात.