प्लेसमेंटची हमी, क्यूआरवालं सर्टिफिकेट आणि ‘रेडी प्रोफाइल’

‘जावा फुल स्टॅक (वेबसाइट पुढून-मागून पूर्ण बनवायचा कोर्स), शंभर टक्के प्लेसमेंट’ अशी पाटी बघून पुण्यात क्लास लावायला निघालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी हे वाचावं.

मीही असाच एक क्लास लावला होता. तिथल्या काउन्सेलर मॅडमनी मला सांगितलं, फी एकदम भरायची नाही, हप्ते पाडून देतो. त्यासाठी म्हणून ओटीपी मागितला. तो कर्जाच्या कराराचा होता. फायनान्स कंपनी अख्खी फी क्लासला देऊन टाकते आणि हप्ता आपल्या खात्यातून कापते. सर मध्येच सोडून गेले, बॅच बंद पडली, हप्ते मात्र चालूच. थकवले की दंड, शिवाय सिबिल खराब.

‘आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट’ मिळालं. त्यावरचा क्यूआर स्कॅन केला की क्लासचीच वेबसाइट उघडायची. विकणाराच साक्षीदार! एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची) असोसिएट परीक्षा १५० डॉलरची असते, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली होते, तीन वर्षांनी तिची मुदत संपते, आणि तिचा बॅज कंपनीला क्रेडली या सर्टिफिकेट पडताळायच्या वेबसाइटवर परस्पर तपासता येतो. अर्थात तसलं खरं सर्टिफिकेटही फ्रेशरला फार तर इंटरव्ह्यूच्या दारापर्यंत नेतं, असं माझं मत आहे.

सगळ्यात घातक ठरली ती ‘रेडी प्रोफाइल’. कंपन्या गिटहब, म्हणजे आपण लिहिलेला कोड जिथे सगळ्यांना दिसतो ती वेबसाइट, बघतात हे क्लासवाल्यांनाही ठाऊक आहे. अकाउंट ‘सेट करून देतो’ म्हणत त्यांनी बॅचमधल्या प्रत्येकाच्या नावावर तोच हॉस्पिटल मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट चढवला, तोही मागच्या तारखा टाकून. गिटमध्ये (गिटहबमागची, कोडच्या नोंदी ठेवणारी प्रणाली) कमिटला, म्हणजे बदलाच्या नोंदीला, हवी ती तारीख देता येते; प्रोफाइलवर रोजचं काम दाखवणारे वर्षभराचे हिरवे चौकोन एका संध्याकाळीत भरतात. हिंजवडीतल्या इंटरव्ह्यूमध्ये समोरच्या सरांनी माझा आणि आधीच्या उमेदवाराचा कोड शेजारी शेजारी उघडला. व्हेरिएबलच्या (कोडमध्ये माहिती साठवायला दिलेल्या नावाच्या) स्पेलिंगची चूकसुद्धा तीच. इंटरव्ह्यू तिथेच संपला. मी स्वतः रात्री जागून जे शिकले होते, तेही त्या एका लिंकमुळे खोटं ठरलं. याचा संताप अजून गेलेला नाही.

ते सगळं मी डिलीट केलं. रोज वापरत होते त्या एका ओपन सोर्स लायब्ररीतला (कुणालाही वापरता, सुधारता येणाऱ्या तयार कोडमधला) छोटा बग शोधून पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझी दुरुस्ती मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, पाठवली. टेस्ट लिहा म्हणून ती परत आली, मग कोडमधलं नाव बदला म्हणून, मग मर्ज झाली, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतली गेली. ही सगळी चर्चा तिथे उघडी आहे. तिच्यातली उत्तरं अनोळखी, जाणत्या लोकांची आहेत. ती कुठला क्लास तयार करून देणार? पुढच्या इंटरव्ह्यूत बहुतेक प्रश्न त्याच चर्चेवर आले, आणि मला उत्तरं देता आली.

क्लास लावण्याआधी जुन्या बॅचमधल्या मुलांना क्लासच्या बाहेर गाठा. प्लेसमेंटची हमी लेखी मागा. ओटीपी सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा. ॲपवरून कर्ज झालंच असेल तर करार लगेच उघडा: आरबीआयच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडायला सुरुवातीची ठरावीक मुदत मिळते. ती टळली असेल तर पावत्या, चॅट, जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.