१.५ टेस्ला, ३ टेस्ला की ओपन? एमआरआय ठरवण्याआधी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एमआरआय’ लिहिलं की घरात पहिला प्रश्न निघतो, गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, करायचा की खासगीत? दुसरा, कितीला पडेल? यंत्र कुठलं, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारलं तरी फलकावर मोठ्या अक्षरात ‘३ टेस्ला’ वाचल्यामुळे. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. आधी रुग्णाच्या अंगात काय काय आहे ते बघा, मग यंत्र, मग जागा. पैशांचा हिशेब त्यानंतर.

सीटी आणि एमआरआय यांतली निवड डॉक्टरांची, तिथे आपण फार बोलू नये. सीटी काही मिनिटांत उरकतो. ताजा रक्तस्राव, मोडलेलं हाड, मूतखडा त्यात चटकन दिसतो, मात्र त्यात क्ष-किरणं असतात. एमआरआय चुंबक आणि रेडिओ लहरींवर चालतो, किरणोत्सर्ग नाही. मणक्यातली सरकलेली गादी, गुडघ्याचा लिगामेंट, मज्जारज्जू, मेंदूतले बारीक बदल त्यातच नीट कळतात. महाग तो वरचा, असं काही नाही. रात्री महामार्गावर दुचाकीवरून आपटलेल्या पोराचा आधी सीटीच काढतात, आणि ते बरोबरच आहे.

दीड की तीन

टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद. १.५ टेस्ला हीसुद्धा पृथ्वीच्या चुंबकत्वापेक्षा हजारो पट जास्त. ३ टेस्लावर संदेश अधिक जोरकस मिळतो, म्हणून बारीक रचना स्पष्ट दिसतात. प्रोस्टेट, पिट्युटरी ग्रंथी, फिट्स येणाऱ्या रुग्णाचा मेंदू, मनगटासारखे लहान सांधे, इथे त्याचा खरा फायदा. कंबरदुखी, मानदुखी किंवा गुडघ्याच्या साध्या दुखापतीसाठी चांगल्या १.५ टेस्लावरची तपासणी पुरेशी असते. तिथे अहवाल वाचणारा रेडिओलॉजिस्ट कसा आहे, याला जास्त किंमत आहे.

शिवाय ३ टेस्लाची दुसरी बाजू जाहिरातीत येत नाही. अंगात धातू असेल तर त्याभोवतीची प्रतिमा ३ टेस्लावर जास्त बिघडते. शरीर जास्त तापतं, आवाजही मोठा. शरीरात बसवलेल्या काही उपकरणांना (इम्प्लांट्सना) फक्त १.५ टेस्लापर्यंतचीच परवानगी असते. म्हणजे कंबरेत स्क्रू बसवलेल्या आजीला ‘मोठ्या मशीनवर’ नेणं हा घरच्यांचा मोठेपणा झाला, फायदा नव्हे.

ओपन यंत्र हा तिसरा पर्याय, बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांसाठी. बाजूंनी उघडं असतं, पण बहुतेकांची चुंबकशक्ती कमी, त्यामुळे वेळ जास्त लागतो आणि बारकावे कमी दिसतात. मधला मार्ग म्हणजे रुंद तोंडाचं बंद यंत्र: जुन्या यंत्रांचं भोक ६० सेंटिमीटरचं, याचं ७०. ऐकायला दहाच सेंटिमीटर, पण धिप्पाड माणसाला खांद्यापाशी फरक कळतो. केंद्राला फोन केलात तर ‘ओपन आहे का’ एवढंच विचारू नका. टेस्ला किती आणि भोक किती, हे दोन्ही विचारा. आणि गुडघ्याचा एमआरआय असेल तर डोकं बहुधा बाहेरच राहतं, हे घाबरणाऱ्याला आधीच सांगून टाका.

अंगातला धातू

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात, हे चुकलं तर जीव जाऊ शकतो. रुग्णालयांतल्या बहुतेक यंत्रांचं चुंबक कायम चालू असतं, तपासणी नसतानाही, वीज गेली तरीही. २०१८च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि दगावला. तो रुग्ण नव्हता, सोबत आलेला होता.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट मुद्दाम विचारायला हवी. वास्कोच्या बाजूला शिपयार्डात, बार्ज दुरुस्तीत, खाणपट्ट्यातल्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग केलेली माणसं घराघरांत आहेत. कधीकाळी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल आणि पुरता निघाला नसेल, तर चुंबकात तो हलून डोळा जाऊ शकतो. तपासणीआधी भरायच्या अर्जावर हा प्रश्न असतो. बाबा ‘नाही’ म्हणून मोकळे होतात, कारण ती वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शंका असली तरी सांगा, आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतात.

पेसमेकर असेल तर एमआरआय अशक्यच, ही आता जुनी समजूत. काही पेसमेकर ठरावीक अटींवर चालतात, पण पेसमेकरबरोबर त्याच्या ताराही एमआरआयला चालणाऱ्या लागतात, आणि तपासणीआधी व नंतर सेटिंग बदलायला माणूस लागतो. पेसमेकरचं कार्ड सापडत नसेल तर तारीख पुढे ढकला. कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं उपकरण) आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीवर बसवलेली जुनी क्लिप यांतही हीच सावधगिरी. हृदयातल्या स्टेंटमुळे सहसा अडत नाही, तरी सांगायचं. बदललेला गुडघा असेल तर मानेचा एमआरआय होतो. त्याच गुडघ्याचा मात्र धूसर येतो.

दागिन्यांवरून काउंटरवर नेहमी वाद. सोनं चुंबकाला चिकटत नाही, मग मंगळसूत्र का काढायचं? कारण धातूची साखळी तापू शकते, प्रतिमा बिघडवते, आणि फाशात दुसरा धातू असू शकतो. त्याहून धोक्याची बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन, जिची बाईला स्वतःलाही आठवण नसते. केसांच्या पिना, कवळी, श्रवणयंत्र, अंगाला चिकटवलेला औषधाचा पट्टा, सगळं बाहेर.

इंजेक्शन लागणार का

‘कॉन्ट्रास्टसह’ लिहिलं असेल तर प्रतिमेत फरक उठून दिसावा म्हणून गॅडोलिनियमचं इंजेक्शन देतात. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा डायलिसिस असेल तर क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा अहवाल सोबत न्या. गरोदरपणात हे इंजेक्शन शक्यतो टाळतात. विनाकॉन्ट्रास्ट एमआरआय गरज असेल तर करतात. स्तनपान थांबवावं लागत नाही.

बांबोळी की खासगी

गोमेकॉत खर्च कमी, आणि भूलतज्ज्ञ, हृदयरोग विभाग, अतिदक्षता सगळं एकाच आवारात. पेसमेकरवाला, भूल देऊन करायचं लहान मूल, श्वास लागणारा रुग्ण यांच्यासाठी मी दुसरीकडे बघणारच नाही. मात्र राज्यभरचे गंभीर रुग्ण तिथेच येतात, आणि त्यांच्यापुढे तुमची कंबर थांबणार, हे न्याय्यच आहे. एरवी धडधाकट माणसाला, मणका किंवा गुडघा एवढंच काम असेल, तर पणजी, म्हापसा, मडगावची खासगी केंद्रं सोयीची. वाळपई किंवा काणकोणहून येणाऱ्याने वेळ फोनवर पक्की केल्याशिवाय निघू नये. डीडीएसएसवाय (गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना) कार्ड असेल तर हा खर्च त्यात बसतो का, हे तपासणीआधी विचारा, नंतर नाही.

दर विचारताना इंजेक्शनचे पैसे आणि लेखी अहवाल त्यात धरलाय का, हे वदवून घ्या. फिल्मपेक्षा सीडी महत्त्वाची. पुढे बेळगाव किंवा मुंबईला दुसरं मत घ्यायची वेळ आली तर तिथले डॉक्टर तीच मागतात. जुने अहवालही न्या, तुलना करता येते.

तपासणी वीस मिनिटांपासून तासभर चालते. कानात बोळे किंवा हेडफोन देतात, हातात दाबायचा रबरी फुगा देतात; तो दाबला की यंत्र चालवणारी माणसं तपासणी थांबवतात. गुंगीचं औषध घेतलं असेल तर परत जाताना स्कूटर चालवायची नाही. सोबतचा माणूस आत थांबणार असेल तर खिसे, चावी, मोबाइल, पट्टा यांची तपासणी त्याचीही होते, आणि अर्ज त्यानेही भरायचा असतो.