चुना टाकणार होतो, जिप्सम टाकलं : दोन एकर चोपणाचे वीस महिने

आमचं रान पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याखाली. वरचं तीन एकर चांगलं काळं. खालचं दोन एकर मात्र चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेलं. पाऊस झाला की आठ-आठ दिवस गढूळ पाणी साचून राहायचं. वरून चिखल, पण खुरप्यानं वीतभर उकरलं तर खाली कोरडंठाक. उन्हाळ्यात तेच रान फरशीसारखं व्हायचं, नांगराला दगडासारखी ढेकळं निघायची. सोयाबीन एकरी तीन क्विंटलच्या वर कधी गेलं नाही.

माझा साडू चिपळूणला असतो. त्यानं भातखाचरात चुना टाकला, पीक सुधारलं, म्हणून मलाही तोच सल्ला. मी चुन्याची गाडी सांगणारच होतो. पुतणी परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकते, ती म्हणाली, "काका, आधी माती तर तपासा. कोकणातली माती आंबट, आपली उलटी."

तिचं खरं निघालं. कोकणात धो-धो पावसानं मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं. सामू (मातीच्या आंबटपणाचा आकडा, pH) साडेपाचच्या खाली आला की ॲल्युमिनियम विरघळून मुळं खुंटतात, तिथं चुना लागतो. आपली माती बेसाल्टची, चुनखडीनं आधीच भरलेली. पुतणीनं ढेकळावर पातळ ॲसिडचे चार थेंब टाकले तर सोडा वॉटरसारखं फसफसलं. अशा रानात आणखी चुना कशाला?

तपासणीत खालच्या रानाचा सामू ८.९ निघाला आणि विनिमययुक्त सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेलं) २१ टक्के. पंधराच्या वर गेलं की चोपण धरतात. एक सांगतो, मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, अन्नद्रव्यं येतात, पण या सोडियमचा आकडा नसतो. ती तपासणी वेगळी मागून करून घ्यावी लागते. चांगल्या आणि चोपण रानाचे नमुने एकत्र केले असते तर सरासरीत सगळंच झाकलं गेलं असतं.

मे २०२३ मध्ये एकरी दोन टन जिप्सम (कॅल्शियम आणि गंधकाचं खनिज) टाकलं, म्हणजे दोन एकराला पन्नास किलोची ऐंशी पोती. माल राजस्थानचा, पोत्यापेक्षा भाडंच जड. पहिल्या गाडीतली निम्मी पोती ओली आणि गोळे झालेली होती. दुकानदार म्हणाला, "चालतंय हो." चालत नाही. ओलं जिप्सम म्हणजे पाण्याचे पैसे, आणि गोळे फेकले की एका जागी ढीग, दुसरीकडं काहीच नाही. दोन गड्यांनी चार दिवस गोळे फोडले. आता पोतं उघडून मूठभर हातात घेतल्याशिवाय गाडी उतरवून घेत नाही. वर मी शहाणपणा करून नांगरानं फूटभर खोल गाडलं. ते वरच्या चार-पाच इंचांत कुळवानं मिसळायला पाहिजे होतं.

पहिलं वर्ष वाया गेलं असंच गावानं ठरवलं होतं. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणावरच्या सोडियमची जागा घेतं. सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर खाली आणि रानाबाहेर गेलं तरच फायदा. पाणीच नसेल तर ते तिथंच बसतं. आणि २०२३ चा ऑगस्ट कसा कोरडा गेला ते मराठवाड्याला सांगायला नको. सोयाबीनच्या जागी एकरी वीस किलो ढैंचा (हिरवळीचं खत म्हणून गाडायचं पीक) पेरला होता, तो कमरेएवढा झाला. चोपणात एवढं दुसरं फारसं काही येत नाही. पण गाडला तेव्हा ओलच नव्हती. काड्या दिवाळीपर्यंत तशाच रानात. कालव्याच्या पाळ्याही मोजक्याच मिळाल्या.

त्या हिवाळ्यात एकच खरं काम झालं, चराचं. खालच्या बांधाला तीन फूट खोल चर काढला. शेजारचे अण्णा सकाळीच बांधावर येऊन उभे : "तुझं मीठ माझ्या रानात सोडतो का रे?" बरोबरच होतं त्यांचं. मग चराला पाइप जोडून पाणी थेट ओढ्यात काढलं. जिप्समएवढाच खर्च त्यात गेला, आणि याचा हिशेब कुणी आधी सांगत नाही. आता मला विचाराल तर आधी चर, मग पोती.

बोअरचं पाणीही तपासलं. बायकार्बोनेट जास्त, ते कॅल्शियमची चुनखडी करून टाकतं. म्हणजे एका हातानं जिप्सम टाकायचं आणि दुसऱ्या हातानं परत चोपण करायचं. खालच्या रानाला बोअर बंद केला, फक्त कालव्याचं पाणी.

मे २०२४ मध्ये एकरी आणखी एक टन जिप्सम आणि साखर कारखान्याची कुजलेली मळी (प्रेसमड) टाकली. मळी घेताना कारखाना कोणत्या पद्धतीचा ते विचारा. गंधकाच्या धुरीवर रस साफ करणाऱ्याची आपल्याला चालते. कार्बोनेशनवाल्याच्या मळीत चुना असतो, ती साडूच्या कामाची.

त्या वर्षी पावसानं कसर भरून काढली. सप्टेंबरच्या सुरुवातीला अतिवृष्टी झाली, वरच्या रानातलंही सोयाबीन आडवं झालं. पण खालचं पाणी दोन दिवसांत ओसरलं. चरातून येणारं पाणी पहिल्यांदा नितळ दिसलं तेव्हा मी अण्णांनाच हाक मारून दाखवलं. एकरी सहा क्विंटल झालं. वरच्या रानाला आठ. बरोबरी नाही, पण वाफसा लवकर येतो आणि कुळव चालतो.

जे झालं नाही तेही लिहितो. सोयाबीनवरचा केवडा, म्हणजे पानांचा पिवळेपणा, गेला नाही. तो चुनखडीमुळं लोह न मिळाल्याचा, जिप्समनं जात नाही. दहा लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम हिराकस घेऊन दोन फवारण्या कराव्याच लागल्या. वरच्या चांगल्या रानात हौसेनं चार पोती टाकून पाहिली, डोळ्याला काही फरक दिसला नाही. आणि मधल्या काळात 'मातीचा सामू आठ दिवसांत खाली' म्हणून एक बाटली विकत घेतली होती. तिच्याबद्दल घरात अजून बोलणी खातो.

जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा तपासणी केली : सामू ८.४, सोडियम १३ टक्के. शिवाय पुतणीनं शिकवलेली एक फुकटची तपासणी आहे. सुकं ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात सोडायचं, ढवळायचं नाही. चोपण असेल तर पाणी दुधासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशीही तसंच राहतं. परवा पाच ठिकाणची ढेकळं ओसरीवर मांडली होती. चार ग्लासांत पाणी स्वच्छ. चराच्या वळणाजवळच्या पाच-सहा गुंठ्यांचा ग्लास अजून पांढरा आहे, त्याला उन्हाळ्यात वेगळी दहा पोती सांगितली आहेत.