व्ही-ब्रेकच्या टूरिंग सायकलला ड्रॉप हँडल: काही महिन्यांच्या वापरानंतर

लांब पल्ल्यासाठी हँडल निवडताना बहुतेक जण आधी आकार बघतात: सरळ, ड्रॉप (दोन्ही टोकं खाली वळलेलं) की बटरफ्लाय (फुलपाखराच्या पंखांसारखं वळलेलं). माझं मत आता पक्कं झालंय. आधी सायकलला ब्रेक कोणते आहेत ते बघावं, मग हँडलकडे वळावं.

माझी सायकल स्टीलची, मूळची सरळ हँडलची, व्ही-ब्रेकवाली, म्हणजे केबल ओढली की दोन उभे दांडे दोन्ही बाजूंनी रिमवर पॅड दाबतात. सरळ हँडलवर तळहाताला एकच जागा. तासन्‌तास चालवलं की करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत. या दोन बोटांची नस मनगटापाशी तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने आत शिरते आणि शरीराचा भार नेमका तिथेच पडतो. जाड ग्रिप, जेलचे हातमोजे यांनी थोडा फरक पडतो. खरा उपाय म्हणजे पकड बदलत राहणं.

बटरफ्लाय हँडल स्वस्तात जमलं असतं. त्याची नळी सरळ हँडलसारखीच 22.2 मिमीची असते, त्यामुळे जुने ब्रेक लिव्हर आणि गिअर शिफ्टर तसेच बसतात. पकडी भरपूर मिळतात, पण ब्रेक त्यातल्या एकाच पकडीत हाताशी. सपाट मुलखात फिरणाऱ्यांना मी तेच सुचवेन. भरलेल्या पॅनियर (चाकाच्या बाजूंना लटकणाऱ्या बॅगा) घेऊन आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरायचा असेल, तर नाही.

ड्रॉप हँडलची नळी 23.8 मिमीची, म्हणजे लिव्हर नवे आले. इथेच लोक फसतात. व्ही-ब्रेकला केबल जास्त ओढली जावी लागते आणि रोडबाइकचे नेहमीचे लिव्हर ती कमी ओढतात. ते लावले तर पॅड रिमला जेमतेम टेकेपर्यंत लिव्हर हँडलला भिडतं. एका दुकानात मला ‘कुठलंही चालेल’ असं छातीठोक सांगितलं गेलं. चालत नाही. मी टेक्ट्रोचे आरएल 520 घेतले, ते खास व्ही-ब्रेकसाठीच बनवलेले आहेत.

घाटात भर पावसात उतरताना त्यांचं मोल कळलं. रिम ओली असली की सुरुवातीला पॅड नुसतं पाणी निपटतं, मग पकड घेतं. खालच्या पकडीत मनगट सरळ, दोन बोटं लिव्हरच्या टोकाशी, बाकीचा हात हँडलवर घट्ट. ताकद लावावी लागते, पण हात भरून येत नाही. वरून, हूडवरून (लिव्हरच्या बुडाचं रबरी आवरण) तोच ब्रेक मऊ लागतो, कारण बोटं लिव्हरच्या बिजागरीजवळ पडतात. गावातल्या वेगाला तेवढं पुरतं. लहान हातांना मात्र हे लिव्हर लांब पडतं. घेण्याआधी धरून बघाच.

हूड मी थोडे वर चढवले, हँडलला गुंडाळलेला टेप आणि हूड एका सपाटीत आणले. दिवसाचा मोठा भाग हात तिथेच असतात. ड्रॉपमुळे हात पुढे जातात म्हणून स्टेम (हँडल सायकलला जोडणारा दांडा) आखूड लागलं. खाली बाहेरच्या बाजूला फाकणारं हँडल घेतल्याने पुढच्या बॅगेला मनगट घासत नाही. केबल टेपखालून गेल्याने बॅग नीट बसते, हा फायदा मी धरलाच नव्हता. गिअरसाठी हँडलच्या टोकांना बसणारे बार-एंड शिफ्टर लावले. खर्च वाढला, तक्रार नाही.

मुंग्या जवळजवळ गेल्या. टेप दुहेरी गुंडाळलाय. कोकणात घाम आणि खारी हवा त्यात मुरते, आणि पावसाळ्यात तो वाळतच नाही. टेप बदलताना खालची नळी पुसून बघा: अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि तिच्याखाली खड्डे दिसले, तर हँडल बदला. ते वाकत नाही, थेट तुटतं.